पोलिक्सेनीबाईंचं ‘से’ आणि ‘टेल’

ग्रीसमधल्या आमच्या ग्रेवेना गावात पन्नाशीच्या आतला कोणी मोडकंतोडकं इंग्रजी बोलताना दिसला, की समजावं हा पोलिक्सेनीबाईंच्या हाताखालून गेलेला आहे. शाळेत इंग्रजी असतंच, पण शाळेतल्या इंग्रजीवर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. संध्याकाळी शिकवणीला घातलं नाही तर पोर बिघडलं असं आया धरून चालतात. बाईंची शिकवणी त्यांच्या नवऱ्याच्या दुकानावरच भरायची. खाली स्तेर्यिओसकाका घर गरम ठेवायच्या लोखंडी शेगड्या विकायचे आणि वर बाई इंग्रजी शिकवायच्या. जिना चढून गेलं की एक लांबट खोली, बाकं, फळा आणि कोपऱ्यात एक अवाढव्य हिरवी शेगडी. ती कुणी घेईना म्हणून काकांनी वर आणून टाकली होती.

मी झिसिस, बाईंच्या पहिल्या पोरांपैकी. इंग्रजीच्या परीक्षेला पुन्हा पुन्हा बसलो आणि पुन्हा पुन्हा आपटलो. आता टॅक्सी चालवतो. बाई गाडीत बसल्या की हमखास म्हणायच्या, “झिसी, तू पास झाला असतास तर आज मला डोंगरापलीकडे कोण घेऊन गेलं असतं? जे होतं ते बऱ्यासाठी होतं.” मी म्हणायचो, “बाई, भाडं देताना हे लक्षात ठेवा,” आणि त्या पर्सनं माझ्या डोक्यात हलकेच मारायच्या.

माझं घोडं अडायचं ते से आणि टेल या दोन क्रियापदांपाशी. आमच्या ग्रीकमध्ये दोन्हीला एकच शब्द, लेओ. बायकोशी बोला, देवाशी बोला, एकट्यानं बडबडा, सगळं लेओ. इंग्रजांना मात्र दोन लागतात, आणि कुठं कोणतं हे आमच्या डोक्यात शिरत नाही. ‘तो मला म्हणाला’ याचं अख्खं गाव ‘ही सेड मी’ करतं. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पाहुण्यांपुढे आमच्या पाद्रीबाबांनीही तेच केलं आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी भर चर्चमध्ये कपाळाला हात लावला.

माझ्यापुढे हात टेकल्यावर बाईंनी एक दिवस मला त्या हिरव्या शेगडीसमोर उभं केलं.

“हिला उद्देशून काहीतरी से कर.”

“गुड मॉर्निंग,” मी म्हटलं.

“झालं. शब्द तोंडाबाहेर पडले, काम संपलं. आता हिला टेल कर, की तुमची गाय मेली.”

मी सांगितलं. पोरं खिदळायला लागली.

“तिला कळलं का?”

“शेगडीला काय कळणार, बाई?”

“मग सांगितलंस कुठं? नुसता बोललास. से करताना शब्दांकडे बघायचं. टेल करताना माणसाकडे बघायचं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून टेलच्या पाठीला पाठ लावून माणूस येतो. टेल मी, टेल हर. माणूस नसला तर ते टेल लंगडं.”

मग त्या फळ्याचे दोन भाग करायच्या. प्रार्थना सेच्या बाजूला. नमस्कार, माफी, निरोप, हेही सेच्या बाजूला. टेलच्या बाजूला गोष्ट, विनोद, गुपित, आणि खरं आणि खोटं. एका मुलीनं विचारलं, “बाई, खोटं तर नुसतं बोलतात, ते टेलमध्ये कसं?” बाई म्हणाल्या, “एकट्यानं बोललेलं खोटं कधी ऐकलंयस? खोट्याला गिऱ्हाईक लागतं.” मी विचारलं, निरोप घेताना तर समोर माणूस असतोच, मग तिथं से का? त्यावर त्या म्हणाल्या, “ते इंग्रजांना जाऊन विचार. थंड लोक आहेत.”

बाई दिसायला ठेंगण्या, आवाज मात्र चौकातून ऐकू यायचा. दर शनिवारी केस सेट करून घ्यायच्या आणि दोन तासांच्या मध्ये बाल्कनीत चोरून सिगरेट ओढायच्या. सगळ्या गावाला ते दिसायचं, पण दिसत नाही असं आम्ही ठरवलं होतं. जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि इंग्लंडला गेल्या एकदाच, लेकीच्या पदवीच्या समारंभाला. तिथल्या लोकांचं इंग्रजी ऐकून नाराज होऊन परत आल्या. “शेवटची अक्षरं गिळतात,” असा त्यांचा शेरा होता.

ही लेक म्हणजे असिमीना, एकुलती एक. बाईंनी शिकवलेली निम्मी पोरं कामधंद्यासाठी युरोपभर पांगली, तशी तीही गेली. पुलांचे आराखडे काढायची नोकरी होती. वर्षातून दोनदा यायची, ईस्टरला आणि ऑगस्टच्या मध्यावर मरियेच्या सणाला. मधल्या काळात फोनवर तोंड दाखवायची. लोक बाईंना चिडवायचे, “तुम्हीच इंग्रजी शिकवून पोरं घालवलीत.” बाई हसायच्या, पण लेकीचं विमान गेलं की दोन दिवस शिकवणी बंद असायची. ते आम्हाला दिसायचं आणि तेही दिसत नाही असंच आम्ही ठरवलं होतं.

त्या नोव्हेंबरात बाईंच्या पोटात दुखायला लागलं आणि डोळे पिवळे झाले. मी दोघांना डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. दुपारी काका एकटेच बाहेर आले. पुढच्या सीटवर बसले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“ते वाईट आहे,” काका म्हणाले.

आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. ‘ते वाईट’ म्हणायचं आणि लगेच लाकडावर टकटक करायचं, म्हणजे ते आपल्या घरात शिरत नाही. काकांनी माझ्या गाडीत लाकूड शोधलं. सगळं प्लास्टिक. मग ते खाली उतरले, रस्ता ओलांडून एका झाडापाशी गेले आणि बुंध्यावर टकटक करून परत आले. ते शिरून बसलं होतं, तरी गेले.

रोग्याला सांगायचं नाही, ही आमची पद्धत. सांगितलं की माणूस धीर सोडतो आणि उद्याचा आज मरतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. बाहेर शिकून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती, ती म्हणाली, त्यांना स्वतःला कळायला हवं. काकांनी तिचे दोन्ही हात धरले आणि इतके रडले, की ती बिचारी म्हणाली, त्यांनी विचारलं नाही तर मी आपणहून बोलणार नाही. आता तुम्ही म्हणाल हा काय अडाणीपणा. मीही म्हणतो. पण माझ्या आईच्या वेळी मीही तेच केलं होतं, आणि तुमच्यावर वेळ आली की बघू तुम्ही काय करता ते.

तर ठरलं. बाईंना पित्ताशयात खडे झालेत, आजूबाजूला सूज आहे, औषधं घेऊन जाईल. अडचण एवढीच, की औषधं ज्या विभागात द्यायची त्याच्या दारावर मोठ्या अक्षरात त्या विभागाचं नाव लिहिलेलं होतं. काकांनी सांगितलं, पित्ताच्या विभागात जागा नाही, म्हणून मेहेरबानी करून इथं घेतायत. बाईंनी पाटीकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि म्हणाल्या, “बरी माणसं आहेत. गर्दीत जागा करून दिली.” केस गळायला लागले तेव्हा काका म्हणाले, खड्यांचं औषध जरा कडक असतं. बाई म्हणाल्या, “असणारच. दगड फोडायचेत.”

महिनाभरात सगळं गाव या नाटकात सामील झालं. बेकरीवाला विचारायचा, पित्त काय म्हणतंय? पाद्रीबाबा विचारायचे, खडे पडले का? ज्या म्हाताऱ्यांना पित्ताशय डावीकडे की उजवीकडे हे ठाऊक नव्हतं, त्याही बाईंना पथ्यं सांगायला लागल्या. बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, आभार मानायच्या आणि गाडीत बसल्या की डोळे मिटून घ्यायच्या.

जानेवारीत काकांना सडकून ताप आला, म्हणून औषधाच्या दिवशी मी बाईंना एकट्यांनाच घेऊन निघालो. डोंगरात बर्फ होता, पण मोठा रस्ता मोकळा होता. बोगदे सुरू व्हायच्या आधी बाई म्हणाल्या, “झिसी, तो रेडिओ बंद कर. स्तेर्यिओनं तुला काय सांगितलंय?”

“कशाबद्दल?”

“माझ्या खड्यांबद्दल.”

“हेच की… खडे आहेत.”

“काय छान खोटं बोलतोस रे. तोंडी परीक्षेत असा बोलला असतास तर निदान तिथं तरी पास झाला असतास.”

मी समोर बघून गाडी चालवत राहिलो.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “सलाइनच्या पिशवीवर औषधाचं नाव इंग्रजीत असतं. घरी येऊन शोधलं, सगळं इंग्रजीत लिहिलेलं आहे, माणसाचे पुढे किती दिवस निघतात तेसुद्धा. नवऱ्यानं गावाची तोंडं बंद केली. बायकोला इंग्रजी वाचता येतं, हे तेवढं त्याच्या डोक्यातून गेलं.”

“मग काकांना सांगून टाका ना, बाई. ते आतल्या आत झुरतायत.”

“त्याच्याकडे आता हे एकच काम उरलंय. सकाळी उठल्यापासून माझ्यापासून लपवतो. गोळ्यांच्या डब्यांवरची कागदं सोलतो, फोन घेऊन तळघरात जातो, तिथून वर येताना डोळे धुऊन येतो. रात्रीपर्यंत दमतो आणि मग त्याला झोप लागते. मला माहीत आहे असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी उठून तो करील काय?”

बोगदा आला. बाहेर पडल्यावर मी असिमीनाचं नाव काढलं.

“तिला काही माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “बापानं तिलाही खडेच सांगितलेत, आणि ती खुशाल आहे. ईस्टरला येईल तेव्हा मी सांगणार आहे. मी स्वतः.”

“ईस्टर लांब आहे. फोन करा, आत्ता बोलवा.”

“भर हिवाळ्यात ती आली तर स्तेर्यिओ समजेल, की मी बोलावली, म्हणजे मला कळलंय. आणि हे फोनवर करायचं नसतं, झिसी. फोनवर नुसते शब्द जातात. तिला समोर बसवीन, हात हातात घेईन आणि सांगीन. मला एवढं एकच करायचंय आता. बाकी माझं सगळं शिकवून झालं.”

मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, कुणालाच नाही. मी क्रूसाची खूण करून वचन दिलं. दिलेलं वचन मी पाळतो, मग ते कुणाला आवडो न आवडो.

फेब्रुवारीपासून बाईंना जिना चढवेना. शिकवणी बंद पडली होती, तरी दर रविवारी लेकीचा फोन त्या वरच्या खोलीतच घ्यायच्या, म्हणजे मागे फळा दिसावा आणि सगळं नेहमीसारखं वाटावं. मी आणि काका त्यांना खुर्चीसकट वर न्यायचो. त्या लिपस्टिक लावायच्या, नवे केस डोक्यावर बसवायच्या आणि पाठ ताठ करायच्या. मी दाराशी उभा राहायचो. फोनमध्ये असिमीना सारखी हसत असायची. तिथला पाऊस, तिचा विसरभोळा साहेब, कसल्या कसल्या गमती सांगायची. बाईही हसायच्या आणि दहाबारा मिनिटांनी म्हणायच्या, “चल, पोरं येतायत, ठेवते.” रविवारी कसली पोरं? पण असिमीनाही कधी विचारायची नाही. फोन ठेवला की बाई टेबलावर डोकं टेकून बसायच्या.

“पाहिलंस किती आनंदात असते,” एकदा मला म्हणाल्या. “तिचं हे हसू ईस्टरला मीच मोडायचं. तेवढी ताकद राहू दे.”

एका रविवारी त्यांना खाली आणायला मी वर गेलो, तर आतून त्यांचा आवाज येत होता. फोन बंद होता. त्या एकट्याच बसून इंग्रजीत वाक्यं म्हणत होत्या. असिमीना, मला तुला काहीतरी सांगायचं आहे. मग थांबून तेच जरा बदलून. मग तिसऱ्या तऱ्हेनं. मी खाकरलो तशा त्या गप्प झाल्या.

“लेकीशी इंग्रजीत बोलणार, बाई?”

“ग्रीकमध्ये पहिल्याच शब्दाला रडू येतं,” त्या म्हणाल्या. “इंग्रजीत व्याकरणाकडे लक्ष राहतं.”

मला हसू आलं. त्यांना उचलताना खुर्ची नुसती रिकामी असल्यासारखी लागली. मी मनात ईस्टरपर्यंतच्या दिवसांची आकडेमोड करायला लागलो होतो आणि ती काही केल्या जमत नव्हती.

ईस्टरआधीचे उपासाचे आठवडे संपत आले. गावात बायका घरं झाडायला-धुवायला लागल्या, कोकरांच्या बोली व्हायला लागल्या. असिमीनाचं तिकीट ईस्टरच्या लगेच आधी येणाऱ्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारचं होतं, दरवर्षीसारखं. त्याच्या आदल्या आठवड्यात बाईंना श्वास घेता येईना. मी गाडी भरधाव हाणत त्यांना इस्पितळात पोचवलं. दुसऱ्या दिवशी काकांना घालायचे कपडे द्यायला गेलो, तेव्हा बाई नाकात नळी घालून उशीला टेकून बसल्या होत्या.

“झिसी, ईस्टर कधी रे?”

“पुढच्याच्या पुढचा रविवार, बाई. पण असिमीना बुधवारीच येतेय.”

त्यांनी जरा विचार केला. “लांब आहे,” म्हणाल्या.

“लांब कुठं?” काका म्हणाले. “आलाच. तोवर खड्यांचा पत्ता नसेल.”

बाहेरच्या बाकावर मी काकांना धरलं. म्हटलं, “पोरीला बोलवा. आज बोलवा. ही वेळ पद्धत बघायची नाही.” ते म्हणाले, “ती अचानक दारात उभी राहिली तर ही ओळखेल. मी इतके महिने जपलंय, झिसी. आता हातचं घालवू?” मी वचनाला बांधलेला. जेवढं बोलता येत होतं तेवढं बोललो, जरा आवाजही चढवला. काका नुसते मान हलवत राहिले. त्यांना सोडून मी गावात परत आलो आणि सगळ्या वाटेत रेडिओ लावला नाही.

शुक्रवारी सकाळी बाई गेल्या. दुपारपर्यंत गावातल्या विजेच्या खांबांवर काळ्या चौकटीतली त्यांच्या नावाची पत्रकं चिकटली होती, आणि खांबाखांबाशी त्यांचीच पोरं उभी राहून वाचत होती.

शनिवारी मी असिमीनाला आणायला सालोनिकाच्या विमानतळावर गेलो. काळा कोट, हातात छोटी बॅग. मला मिठी मारली आणि पुढच्या सीटवर बसली. शहर मागे पडलं. मग काचेतून बाहेर बघत म्हणाली, “झिसिसदादा, शेवटी तिला खूप दुखलं का?”

“नाही. डॉक्टरांनी दुखू दिलं नाही.”

“आणि कळलं नाही ना तिला?”

मी गिअर बदलला. तिला वाटलं मी काही लपवतोय, म्हणून तीच पुढे बोलली.

“माझ्यापासून लपवू नकोस. मला सगळं माहीत आहे. बाबांनी मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं.”

ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप उचलला गेला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“त्यांनी तळघरातून फोन केला होता,” असिमीना म्हणाली. “म्हणाले, तिला माहीत नाही आणि कळता कामा नये. तू ऑगस्ट आणि ईस्टर सोडून कधी येत नाहीस, मध्येच आलीस तर ती ओळखेल. मी तिकडं एकदा विमानतळापर्यंत गेले होते दादा, बॅग भरून. तिथूनच परत फिरले. दर रविवारी सकाळपासून गमती गोळा करून ठेवायचे, फोनवर सांगायला. तो विसरभोळा साहेब, असा कोणी साहेबच नाही माझा. फोन ठेवला की शेजारीण येऊन बसायची माझ्याजवळ. पण जाऊ दे. ती निवांतपणे गेली ना? एवढ्यासाठीच मी तिकडं थांबले.”

काकांनी लेकीला सांगितलं होतं आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. वचन मी बाईंना दिलं होतं आणि बाई आता घरात पेटीत निजल्या होत्या. मी पुढच्या थांब्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे तोंड करून बसलो. मला सांगायची कला नाही. जसं होतं तसं सांगितलं. सलाइनच्या पिशवीवरचं औषधाचं नाव, काकांची झोप, ईस्टर. बाई तिला समोर बसवून सांगणार होत्या हे. वरच्या खोलीत बसून त्या इंग्रजी वाक्यांची तयारी करायच्या हेही.

“तिला माहीत होतं,” असिमीना म्हणाली.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मला माहीत नाही असं तिला वाटत होतं.”

“हो.”

“मग मी तिथं कशाला बसले होते, दादा?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. खरंच विचारावं तसं विचारलं आणि माझ्याकडून उत्तर हवं म्हणून वाट पाहिली. “सांग ना. नोव्हेंबरपासून मी तिथं कुणासाठी बसले होते?”

ती दार उघडून खाली उतरली आणि कठड्यापाशी जाऊन वाकून उभी राहिली. खाली धरणाचं पाणी होतं. मी जवळ गेलो, तर हातानंच मला लांब उभं राहायला सांगितलं. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा चेहरा दगडासारखा होता.

“बाबांना सांगणार मी,” ती म्हणाली. “घरात पाऊल टाकल्याबरोबर. सगळ्यांसमोर. तुम्ही तिला वाचवलं नाहीत, तिची मुलगी तिच्यापासून तोडलीत. तिला माहीत होतं, आणि तुम्ही आम्हा दोघींमध्ये भिंत होऊन बसलात. हे त्यांना कळलंच पाहिजे.”

“आज नको,” मी म्हटलं.

“आज. आमच्या घरात पुष्कळ दिवस ‘आज नको’ झालंय.”

मला ते खोटं ठरवता येईना, म्हणून मी गाडी सुरू केली. ग्रेवेना येईपर्यंत ती ओठ आवळून बसली होती. मधूनच मान हलवायची, आतल्या आत वाक्य जुळवल्यासारखी. ती आईचीच सवय. मला काकांची भीती वाटायला लागली.

दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत मधोमध पेटी, भोवती काळ्या कपड्यातल्या बायका. एक म्हातारी बाईंच्या कानाशी वाकून वर गेलेल्या आपल्या भावाला निरोप देत होती, इकडं सगळे बरे आहेत म्हणून सांग, गुडघ्याचं सांगू नकोस. असिमीनाला पाहून सगळ्या सरकल्या. बाईंचे ते नवे केस कुणीतरी शनिवारसारखे नीट बसवले होते. असिमीना त्यांच्याजवळ वाकली, कपाळाचं चुंबन घेतलं आणि तशीच राहिली. मग सरळ झाली आणि बापाकडे वळली.

काका भिंतीशी उभे होते. दाढी वाढलेली, कोट एका खांद्यावरून घसरलेला. चार दिवसांत इतका म्हातारा झालेला माणूस मी पाहिला नव्हता. असिमीनानं तोंड उघडलं, पण काकाच आधी बोलले.

“आलीस. ये, बघ तिच्याकडे. किती शांत आहे बघ.” त्यांनी लेकीचा दंड धरला. “शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही, असिमीना. काल पहाटे डोळे उघडून मला म्हणाली, स्तेर्यिओ, खडे पडून गेले वाटतं, आता अजिबात दुखत नाहीये. असं म्हणाली. आणि हसली माझ्याकडे बघून. मला दुसरं काही करता आलं नाही तिच्यासाठी. पण हे एवढं मी नीट केलं. केलं ना?”

असिमीनानं बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण हे तिचं तिनंच ठरवायचं होतं.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही नीट केलंत. तिला काही कळलं नाही.”

काकांनी नोव्हेंबरपासून घट्ट धरून ठेवलेलं सगळं तिथं सुटलं. ते तिच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडायला लागले. असिमीना आईकडे बघत उभी होती आणि बापाच्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, तिला काही कळलं नाही, बाबा, काही कळलं नाही.